बारा नंबरचा बिल्ला

"साहेब, तुम्ही कधी झाडावर चढलाय का?"

टिटवीने विचारलं आणि साहेबांच्या हातातला शिक्का हवेतच थांबला.

तो शिक्का कागदावर पडावा म्हणून टिटवीची आई उन्हाळाभर ह्या झाडांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती. आज तो खाली येता येता राहिला. आईने मान वळवली नाही, पण टेबलाखाली तिच्या हाताने टिटवीचं मनगट असं काही आवळलं, की घरी जाताना आइस्क्रीम मिळेल ही आशा टिटवीने तिथल्या तिथे सोडली.

दाराबाहेरून दोन डोकी आत डोकावत होती. चष्मेवालं डोकं पंडितचं. जगातलं सगळं आपल्याला माहीत आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. आठ्या घातलेलं डोकं लिंबूचं. कुठलीही गोष्ट नीट पार पडेल असं तिला कधीच वाटायचं नाही. पैज ह्याच दोघांनी लावली होती.

"जो माणूस झाडांचा साहेब आहे, तो झाडावर चढलेला असणारच," असं पंडितचं म्हणणं होतं.

"मग विचारते की," टिटवी म्हणाली होती.

"तू? त्यांना? तोंडावर? विचारून उत्तर आणलंस तर शाळा सुरू झाल्यावर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलेन."

"उत्तर मिळणार नाही," लिंबू म्हणाली होती. "ओरडा मिळेल."

गेल्या वर्षीपर्यंत ही पैज कोणी लावलीच नसती. तेव्हा टिटवी हजेरीलासुद्धा इतकं हळू "हजर" म्हणायची, की बाई तिला निम्म्या वेळा गैरहजर लावायच्या. मग शाळेच्या नाटकात राणीचा ऐन वेळी घसा बसला. पडद्यामागे पुस्तक धरून बसलेल्या टिटवीने राणीचं सगळं भाषण तिथूनच ठणठणीत आवाजात म्हटलं, आणि राणीने पुढे उभं राहून नुसते ओठ हलवले. त्या दिवशी टिटवीचं तोंड उघडलं, ते उघडलंच. टिटवी हे नावही त्याच दिवशी पडलं.

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"मुली," ते म्हणाले, "मला झाडावर चढायची गरज नाही. शहरातल्या प्रत्येक जुन्या झाडाला बिल्ला आहे. बिल्ल्यावर नंबर आहे. नंबर माझ्या टेबलावर आला, की झाड माझ्या टेबलावर आलं. समजलं?"

"पण झाड तर—"

"समजलंय तिला," आई घाईघाईने म्हणाली.

साहेब आता आईकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "बालवाडीचा रस्ता, झाड नंबर बारा. बुंध्यापासून उतरवायला परवानगी. शेजारच्या अकरा नंबरला दोर बांधायला परवानगी. फक्त उद्याचा दिवस. रस्ता उद्याच बंद आहे, परत मिळणार नाही. मी स्वतः हजर असेन. आणि बाई, बाराशिवाय दुसऱ्या झाडाला करवत लागली, तर तुमचा परवाना माझ्या खिशात. प्रश्न विचारायची सवय असणाऱ्यांनी नियमही पाठ ठेवावेत."

शिक्का पडला. ठप्पकन.

बाहेर येऊन आई भराभर जिना उतरली. मग म्हणाली, "हे काम आटपलं, की तू उरलेली सुट्टी मावशीकडे."

"आई!"

"तिकडे कोणी साहेब नाहीत. तोंडाला विश्रांती मिळेल तुझ्या."

पंडित आणि लिंबू मागून खाली मान घालून चालत होते. लिंबू हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं. ओरडा."

"आणि ते काही उत्तर नव्हतं," पंडित म्हणाला. "दप्तर तुझं तूच उचल."

*

टिटवीची आई झाडं छाटायची. कंबरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, पाठीला करवत लावून ती सरसर वर जायची, आणि बाबा खाली उभे राहून दोर धरायचे. "तुझी आई वर आणि मी जमिनीवर, म्हणून संसार टिकलाय," असं बाबा म्हणायचे.

जुन्या झाडांचं काम मात्र नुसत्या हिमतीचं नव्हतं. ती कायद्याने जपलेली झाडं. त्यांची साधी फांदी कापायची तरी ऑफिसची परवानगी लागायची. ती न घेता करवत लावली, तर छाटणाऱ्याचा परवाना कायमचा जायचा. आणि परवाना गेला, की आईचा दोर खुंटीवरच.

बालवाडीच्या रस्त्यावर अशी जुनी झाडं ओळीने उभी होती. टिटवी, पंडित आणि लिंबू तिघंही त्याच बालवाडीत शिकलेली, त्यामुळे त्यांना ती नंबराने नाही, नावाने माहीत होती. एक 'हत्ती'. त्याच्या सालीला हत्तीच्या गुडघ्यांसारख्या घड्या होत्या आणि त्याच्या मुळांवर बसून डबा खाता यायचा. त्याला लागून 'म्हातारी'. ती बालवाडीच्या छपरावर वाकली होती. आतून पोखरलेली. ह्या वर्षी तिच्या मुळाशी अळंब्या उगवल्या, तेव्हा आईने बुंध्याला कान लावून हातोडी मारली होती आणि आतून पोकळ आवाज आला होता.

म्हातारी पडणार होती. कधी, एवढाच प्रश्न होता. आणि परवापासून बालवाडी उघडणार होती.

"चला, तिला भेटून येऊ," दुपारी टिटवी म्हणाली. "उद्या ती नसेल."

"भेटायला जाऊ आणि ती आपल्याच अंगावर पडेल," लिंबू म्हणाली, पण चपला घालून तीच पहिली निघाली.

रस्त्याच्या वळणावर येऊन तिघंही जागच्या जागी थांबली.

झाडं ओळखूच येत नव्हती. सगळ्या बुंध्यांना खालपासून डोक्याच्या वर हातभर पांढराशुभ्र चुना फासला होता आणि मध्ये गेरूचा लाल पट्टा. जणू सगळ्यांना एकाच दिवशी एकच गणवेश घालून रांगेत उभं केलं होतं.

"शी. हत्तीसुद्धा मोजे घातल्यासारखा दिसतोय," टिटवी म्हणाली आणि हत्तीच्या मुळावर जाऊन बसली. मान वर करून बघते तर ती ताडकन उठून उभी राहिली.

"पंडित, वाच रे. तो बिल्ला."

पंडितने चष्मा सारखा केला. "बारा."

"हत्तीवर?"

"हत्तीवर."

लिंबू म्हातारीपाशी गेली होती. "इथे पाच आहे," तिने तिथून सांगितलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "म्हातारी तर बारा ना गं? साहेब सकाळी बाराच म्हणाले."

"म्हातारी बारा, हत्ती अकरा," टिटवी म्हणाली. "बालवाडीत असताना मी ह्यांच्यावरूनच अंक शिकले. मला चुकणार आहे का?"

"नंबर काही चालत जात नाहीत," पंडित म्हणाला.

"मग अकरा कुठे गेला?"

अकरा नंबर रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पत्रपेटीजवळच्या एका जुन्या पण काटकुळ्या झाडावर लटकत होता. त्याच झाडाखाली रंगारीकाका ब्रश धूत बसले होते. चुन्याने त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"काका, मस्त झालाय रंग," टिटवीने सुरुवात केली. "पण बिल्ल्यांवर एक थेंब पण नाही. कसं काय जमलं?"

काका खूश झाले. "युक्ती आहे पोरी. आधी सगळे बिल्ले काढून घ्यायचे. ह्या बादलीत टाकायचे. रंग वाळला की परत लावायचे."

"सगळे? एकाच बादलीत?"

"मग काय प्रत्येकाला वेगळी बादली आणू? आणि बघून घे, परत लावताना एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. काम चोख आपलं."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हसावं की रडावं, हे टिटवीला पहिल्यांदाच कळत नव्हतं.

*

"आता ऐका," हत्तीच्या मुळावर बसून पंडित बोटं मोजायला लागला. "उद्या साहेब येणार. त्यांना झाड कळत नाही, नंबर कळतो. नंबर बारा हत्तीवर आहे. म्हणजे उद्या हत्ती जाणार."

"आई हत्तीला करवत लावणारच नाही."

"मग ती म्हातारीला लावेल. म्हातारी आता पाच नंबर. पाचाची परवानगी नाही. परवाना साहेबांच्या खिशात."

"आणि दोन्ही नाही केलं," लिंबू म्हणाली, "तर म्हातारी तशीच राहणार. आणि परवा तिच्याखाली सगळी बारकी पोरं."

तिघांच्याही माना म्हातारीकडे वळल्या. वर वारा सुटला होता. म्हातारीतून दार कुरकुरल्यासारखा आवाज आला.

लिंबूने इकडेतिकडे बघितलं. "आपणच बदलू या. रंगारीकाकांच्या पिशवीत पकड आहे. तुम्ही त्यांना बोलण्यात गुंतवा, मी आणते. बारा इकडे, अकरा तिकडे. कोणाला कळणार?"

टिटवी पंडितच्या खांद्यावर चढलीसुद्धा. हत्तीवरच्या बाराच्या बिल्ल्याला तिचा हात पोचला. दुसरे बिल्ले झाड वाढलं की ताणणाऱ्या स्प्रिंगवर होते, हा जुना, साध्या तारेचा होता. पण तार बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंना बोटभरच उरली होती, आणि पुढे गाठ मारून सुतळी जोडली होती. चुन्याने आणि गेरूने माखलेली सुतळी.

"ही तार कापलेली आहे," ती वरून म्हणाली. "का बरं कापली असेल? बाकीचे तर नुसते काढलेत."

"लवकर सांग, तू हलकी नाहीयेस," पंडित खालून म्हणाला.

"मला म्हातारीकडे ने."

"उतर आणि चालत जा की."

परत पंडितच्या खांद्यावर चढून टिटवीने म्हातारीच्या बुंध्यावर तेवढ्याच उंचीवर तळहात फिरवला. चुन्याखाली सालीला एक आडवी खाच लागत होती. अचानक तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. सालीतून तारेचं टोक बाहेर आलेलं होतं. चुना झटकल्यावर कापलेली बाजू लखलखत होती. वीतभर अंतरावर दुसरं टोक. बुंध्याभोवतीची बाकीची तार म्हातारीने कधीच गिळून टाकली होती. झाड जाड होत गेलं आणि साल तारेवरून वाढत गेली.

"काकांना ती उपसता आली नाही," टिटवी सावकाश म्हणाली, "म्हणून त्यांनी पकडीने तोडली. बिल्ला तिकडे गेला आणि तार इथेच राहिली."

"म्हणजे पुरावा," पंडित म्हणाला.

"म्हणजे आपण काहीही हलवायचं नाही. बिल्ल्याला हात लावला, तर सुतळी आपलीच ठरेल. खरं काय होतं, ते सांगायला मग काही उरणारच नाही."

लिंबूला हे पटलं. पण तिने एक शंका काढलीच. "साहेब बघायला गाडीतून उतरले, तर ना."

*

संध्याकाळी आई येऊन बघून गेली. रंगाऱ्यांनी मुळाच्या अळंब्याही खरवडून टाकून वर चुना फासला होता. सालीतली तार बघून तिने टिटवीच्या डोक्यावर हात ठेवला. घरी येऊन तिने साहेबांना फोन लावला. टिटवी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून ऐकत होती.

"नाही साहेब, झाड तेच आहे, बिल्ला बदललाय... हो, रंगाऱ्यांनी... नाही, आमच्यापैकी कोणी हलवला नाही." बराच वेळ आई नुसती ऐकत राहिली. मग "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

"काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"म्हणतात, बिल्ला बदलला असं ऐकून मी झाडं पाडू द्यायला लागलो, तर उद्या कोणीही बिल्ला हलवेल आणि हवं ते झाड पाडेल."

"त्यात चुकीचं काय आहे?" बाबा पुटपुटले.

"काहीच नाही. पुढचं ऐका. म्हणतात, तुम्हीच हलवला नसेल कशावरून. उद्या बारा नंबर पाडायचा, नाहीतर परवानगी रद्द, आणि बारा नंबर दुसऱ्याकडून पाडून घेईन. तुमच्या घरात सगळ्यांनाच उलट बोलायची सवय दिसते, असंही म्हणाले."

टिटवी दारापासून मागे सरकली. सकाळचा तो प्रश्न. एका दप्तरासाठी. साहेबांनी आईचं म्हणणं नीट ऐकलंही असतं कदाचित, पण आता ते ऐकत नव्हते, आणि ते तिच्यामुळे.

त्या संध्याकाळी तिने जेवताना एक शब्दही काढला नाही. बाबांनी तिला ताप आहे का ते दोनदा हात लावून बघितलं.

*

सकाळी रस्त्याच्या दोन्ही तोंडांना अडथळे लागले होते. बालवाडीच्या ताई फाटकात उभ्या होत्या, सारख्या छपराकडे बघत. वारा कालच्यापेक्षा जास्त होता. आईने पट्टा चढवला होता, बाबांनी दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं होतं, पण दोघंही जागचे हलत नव्हते.

साहेबांची गाडी आली आणि हत्तीसमोर थांबली. साहेबांनी काच जेमतेम चार बोटं खाली केली.

"हे बारा. दिसतंय मला. करा सुरुवात."

"साहेब, एकदा उतरून—" आई म्हणाली.

"बाई, काल बोललोय मी."

काच वर जायला लागली. टिटवी एक पाऊल पुढे टाकून थांबली. तिच्या मनात आलं, गप्प बसावं. आपण बोललो की बिघडतं. मग म्हातारी परत कुरकुरली, आणि ताईंनी फाटकाचा गज घट्ट धरलेला तिला दिसला.

ती काचेपाशी गेली. "साहेब, एकच विचारते. उलट नाही, सुलट."

काच थांबली.

"आईने दोर कुठल्या झाडाला बांधायचा?"

"अकरा नंबरला. लिहिलंय तसं. शेजारचं झाड."

"कुठलं ते दाखवता का?"

साहेबांनी हत्तीच्या उजवीकडे बघितलं. तिथे नंबर दोन. डावीकडे बघितलं. पाच. त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.

"अकरा तिकडे आहे," टिटवीने पत्रपेटीकडे बोट दाखवलं. "पार टोकाला. आईचा दोर तिथवर पोचत नाही. आणि पोचला, तरी ते झाड पंडितसारखं काटकुळं आहे. आई त्याला लटकली तर तेच येईल खाली."

पंडितने रागाने बघितलं, पण तो ताठ उभा राहिला.

गाडीचं दार उघडलं. साहेब उतरले. उतरल्यावर ते ऑफिसातल्यापेक्षा बुटके दिसत होते. ते ओळीने झाडं वाचत निघाले, "दोन... नऊ... तीन...," आणि प्रत्येक झाडागणिक त्यांचा आवाज हळू होत गेला.

बादली घेऊन रंगारीकाका एका बुंध्यावर चुन्याचा दुसरा हात मारायला येतच होते. साहेबांना बघून त्यांनी सलाम ठोकला. कालच्या फोनचं त्यांना काही माहीत नव्हतं. टिटवीने संधी सोडली नाही.

"काका, साहेबांना सांगा ना, बिल्ले कसे लावलेत ते. एकही उरला नाही ना?"

"एकही नाही साहेब," काका अभिमानाने म्हणाले. "सगळे काढले, ह्या बादलीत ठेवले, आणि सगळे परत लावले. मोजून. कुठल्याही झाडाला रिकामं ठेवलं नाही."

"आणि कुठला बिल्ला कुठे, हे कसं ठरवलंत?" साहेबांनी विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "हातात येईल तसा. बिल्ला तो बिल्ला, साहेब."

ताईंनी तोंडाला पदर लावला. लिंबूसुद्धा हसली. पण साहेबांनी लगेच हात वर केला. "बिल्ले बदलले, मान्य. पण बारा नंबर कुठल्या झाडाचा होता, हे कोण सांगणार? तुम्ही म्हणता ते? की मी म्हणतो ते? पाडलेलं झाड परत उभं करता येत नाही."

आता ते चिडून बोलत नव्हते, खरंच काळजीत होते, हे टिटवीला दिसलं. तिला ते आवडलंसुद्धा.

"झाड सांगेल," ती म्हणाली. "पण तुम्हाला वर यावं लागेल. झाडावर नाही. शिडीवर."

बाबांनी शिडी म्हातारीला न टेकवता घोड्यासारखी उघडून उभी केली आणि दोन्ही हातांनी धरली. साहेबांनी बुटांकडे बघितलं, शिडीकडे बघितलं, आणि मग कठडा धरून ते एक एक पायरी चढले. तिसऱ्या पायरीवर त्यांनी शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली. सगळ्यांना दिसलं, पण कोणी हसलं नाही.

"डावीकडे, सालीत बघा," टिटवी म्हणाली. "हात जपून, टोचतं."

साहेबांनी चष्मा वर केला. खाच बघितली. बोटाने चुना खरवडला. तारेचं एक टोक, मग सालीखालून गेलेली रेघ, मग दुसरं टोक. ती रेघ त्यांनी बोटाने परत एकदा तपासली.

"ही वर्षानुवर्षांची आहे," ते शेवटी स्वतःशीच म्हणाले. "ही कोणी रात्रीत घालू शकत नाही."

मग ते उतरले, शिडी हत्तीपाशी न्यायला सांगितली आणि परत चढले. बाराच्या बिल्ल्याची बोटभर तार, तिचं कापलेलं टोक, माखलेली सुतळी. खालून काका हळूच म्हणाले, "ती तेवढी निघेना, म्हणून तोडली साहेब." त्यांच्या भुवया आता चुन्याशिवायही पांढऱ्या दिसल्या असत्या.

साहेबांनी सुतळी स्वतःच्या हाताने सोडली. बिल्ला खिशात घातला, म्हातारीवर नेऊन टांगला आणि पाचाचा काढून घेतला. मग पत्रपेटीपर्यंत चालत जाऊन अकरा आणला आणि हत्तीवर लावला. सगळ्याचे फोटो काढले. शेवटी आईसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, हे बारा नंबर. तुम्ही सुरुवात करा." मग जरा थांबून, "काल मी बोललो ते बोलायला नको होतं."

*

आईने दोर हत्तीच्या जाड फांदीवरून टाकला. पोखरलेल्या झाडावर कोणी स्वतःला बांधत नाही. ती लटकणार होती हत्तीला आणि कापणार होती म्हातारीला. टिटवीला तेव्हा लख्ख कळलं. आज हत्तीला करवत लागली असती, तर म्हातारीजवळ कोणालाही कधीच नीट जाता आलं नसतं.

आई वर गेली. एक एक फांदी दोराने बांधून, कापून, हळूहळू खाली सोडत होती. छपरावर वाकलेली मोठी फांदी शेवटी राहिली. आईने तिला दोर बांधला, करवत हातात घेतली, आणि तेवढ्यात वाऱ्याचा मोठा झोत आला.

करवत लागायच्या आधीच फांदी कडाडली.

ती तुटली आणि दोरावर झुलली, छपराच्या अगदी जवळून. बाबा दोरासकट फरफटत पुढे गेले. त्यांचे बूट फरशीवर करकरले. पंडित धावला, लिंबू धावली, टिटवीने दोराचं शेपूट पकडलं, आणि तिच्या मागून आणखी दोन हात आले. पांढऱ्या शर्टाचे. चुन्याने भरलेले. साहेब टाचा रोवून मागे झुकले होते.

"सोडू नका," बाबा ओरडले. "हळू... हळू सोडा आता."

फांदी झुलत झुलत खाली आली आणि आवारात टेकली. जिथे ती तुटली होती, तिथलं लाकूड पाण्यात भिजलेल्या पावासारखं होतं. ताईंनी त्यातला एक तुकडा हातात घेतला. तो बोटांतच कुस्करला.

टिटवीने वर बघितलं. आई हत्तीच्या दोराला लटकून मंद फिरत होती. तिने अंगठा वर केला. टिटवीला त्याच वेळी रडू आलं, आणि तिने ते घामात पुसून टाकलं.

दुपारी म्हातारी पूर्ण उतरली. छपराला ओरखडाही नव्हता. ताईंनी तिघांनाही जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्याच वर्गातली पोरं ही. अंक मीच शिकवले ह्यांना." जणू सगळं त्यांनीच केलं होतं.

साहेब हत्तीच्या मुळावर येऊन बसले. शर्टाचं काय झालं होतं ते बघण्यासारखं होतं.

"बिल्ले ह्या एकाच रस्त्यावर नाही बदललेले," ते म्हणाले. "काका सगळ्या शहराला रंग देतायत. प्रत्येक रस्त्याला एक बादली. ते सगळं दुरुस्त होईपर्यंत मी एकही परवानगी देणार नाही. मला साल बघून झाड ओळखणारी माणसं हवीत. सुट्टीत मोकळी असणारी." त्यांनी तिघांकडे एकेक करून बघितलं. "आणि मुली, तुझं एक उत्तर राहिलंय. लहानपणी एकदा चढलो होतो मी. उतरता आलं नाही. पूर्ण दुपार वर रडत बसलो, शेवटी शेजाऱ्यांनी काढलं. त्यानंतर कधी नाही."

टिटवीने पंडितकडे बघितलं. पंडितने मुकाट्याने दप्तर उचलल्यासारखा खांदा वाकवला.

*

रात्री जेवताना आई म्हणाली, "मावशीचा फोन आला होता. कधी पाठवतेस विचारत होती."

टिटवीने पाण्याचा पेला ठप्पकन खाली ठेवला. बाबांनी आईकडे बघितलं. हा आवाज त्यांना ओळखीचा होता.

"मी मावशीकडे जाणार नाहीये," टिटवी म्हणाली. "तिला मीच फोन करते, तुम्ही नका करू. सकाळी आम्ही तिघं साहेबांबरोबर बिल्ले लावणार. आणि आई, संध्याकाळी तू मला दोरावर चढायला शिकवणार आहेस. घाबरू नकोस, आधी मी उतरायलाच शिकणार आहे. ते जमल्याशिवाय एक पाऊलही वर जाणार नाही. हे मी विचारत नाहीये. ठरवलंय, म्हणून सांगतेय."